ठेका समोरच्या माणसाचा : अंगणवाडीत आणि घरात लहान मुलांसोबत ताल कसा धरावा

आधी ब्लूटूथ स्पीकर बंद करा. मोबाइलवर बडबडगीत लावायचं आणि मुलांनी पडद्याकडे तोंड करून हातवारे करायचे, असा गाण्याचा तास बऱ्याच अंगणवाड्यांत होतो. मुलं रमतात, सेविकाताईंना रजिस्टर भरायला दहा मिनिटं मिळतात, आणि त्यात काही पाप नाही. पण एकत्र ताल धरल्याने मुलं एकमेकांशी जोडली जातात, असं जे संशोधन सांगतं, त्यात समोर जिवंत माणूस होता.

जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत सेबास्टियान किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २००९ मध्ये अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. साथीला कधी माणूस, कधी ढोल बडवणारं यंत्र, कधी नुसता स्पीकरचा आवाज. माणूस समोर असताना मुलांचा ठेका सर्वांत चांगला जुळला. अडीच वर्षांची मुलंसुद्धा माणसासाठी आपली नेहमीची लय सोडून त्याच्या लयीत येऊ पाहत होती. सिंधुदुर्गात डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) ऐकलेल्याला याचं नवल वाटणार नाही. पखवाजवाला बुवाच्या तोंडाकडे बघत असतो आणि बुवाने मान हलवली की थाप पडते. यंत्र मुलासाठी थांबत नाही आणि मूल चुकलं तर हसत नाही.

पुढची सगळी कृती तीन ते सहा वर्षांच्या, साधारण वीस मुलांच्या गटासाठी आहे. तान्ह्या बाळांचं वेगळं, ते खाली येईल.

लय मोजून घ्या

सगळ्यात जास्त चूक इथे होते. मोठ्या माणसाला सहज वाटणारी टाळी मिनिटाला साधारण १०० च्या आसपास असते. चार-पाच वर्षांच्या मुलाची सहज लय त्याहून बरीच जलद असते, १५० च्या आसपास. ताई आपल्या लयीत टाळी वाजवतात, मुलं पुढे पळतात, आणि ताईंना वाटतं की मुलं ऐकत नाहीत. मुलं ऐकत असतात, पण इतक्या सावकाश टाळीसाठी हात रोखून धरणं त्यांना जड जातं.

म्हणून पहिल्या आठवड्यात शिकवू नका, मोजा. एकेका मुलाला जवळ बसवून ‘तुला हवं तसं वाजव’ म्हणा आणि हाताखाली पाट किंवा डबा द्या. त्याने ठेका धरला की घड्याळ लावून १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि ४ ने गुणा. ३५ ठोके आले तर लय १४०. वीस मुलांचे आकडे वहीत लिहा, चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. सरासरी काढू नका, कारण एखादं मूल २०० च्या वेगाने डबा बडवतं आणि सगळी सरासरी बिघडवतं. मधला आकडा ही तुमच्या गटाची सुरुवातीची लय.

पहिले दोन आठवडे त्याच लयीत राहा. मग दर आठवड्याला पाच-सात ठोक्यांनी खाली या. ११० पर्यंत सगळे एकत्र टिकले तर उत्तम, त्याखाली जायचा हट्ट नको. हाताने फार सावकाश टाळी देण्यापेक्षा पावलांनी चालणं मुलांना सोपं जातं, कारण दोन ठोक्यांमधली मोकळी जागा शरीराच्या हालचालीने भरते. बाल्या नाचात चाळ बांधलेला पाय पुढे टाकून मागे घेतात, ती चाल मंद लयीसाठी अगदी सोयीची आहे. फक्त गिरकी गाळा.

लय मोजायला मोबाइलवरचा मेट्रोनोम चालेल, पण फक्त ताईंच्या सरावासाठी. मुलांसमोर तो नको.

सूर उंच घ्या

तीन-चार वर्षांच्या मुलाला आरामात गाता येतील असे सूर मोजके असतात : पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून सहाव्या पांढऱ्या पट्टीपर्यंत). म्हणजे पांढरी दोनचा सा धरला, तर सा ते प. बहुतेक बायका सकाळी सकाळी याहून बऱ्याच खालच्या पट्टीत गातात, आणि भजनी मंडळात गाणारे काका आणखी खाली. मग मुलं एक तर नुसतं बोलतात किंवा ओरडतात, आणि ‘याला सूर नाही’ असा शिक्का बसतो. वाडीत कोणाकडे पेटी असेल तर पांढरी दोनचा सूर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, तास सुरू करण्याआधी एकदा ऐका आणि मोबाइल पिशवीत टाका. पुरुषाने शिकवायचं असेल तर त्याने आपल्या खालच्या सप्तकातच गावं. पण मग उंच आवाजाचं एक मोठं मूल शेजारी बसवावं, म्हणजे बाकीची मुलं त्याचा सूर धरतात.

चाल पाच सुरांच्या आत बसवा. एका गाण्यात चारच ओळी असाव्यात आणि एक गाणं किमान तीन आठवडे चालवावं. दर आठवड्याला नवं गाणं आणण्याची हौस मोठ्या माणसांची असते. मुलांना तेच ते हवं असतं.

वाजवायला काय द्यावं

विकतची खेळणी नकोत असं नाही, पण कोकणात करवंटीसारखं वाद्य फुकट मिळतं. वीस मुलांना वीस नारळ. गणपतीत आणि त्यानंतर महिनाभर घराघरांतून करवंट्या गोळा करायला सांगा, पण एकाच नारळाच्या दोन्ही वाट्या एकत्र द्या असं बजावून सांगा. वेगवेगळ्या नारळांच्या वाट्यांच्या कडा जुळत नाहीत आणि आवाज फुसका येतो.

खोबरं पूर्ण खरवडून घ्या. बाहेरचा काथ्या कोयत्याच्या धारेने किंवा काचेच्या तुकड्याने काढा, हे काम मोठ्यांचं. लादीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर पसरून त्यावर वाटी पालथी धरून गोल गोल घासा, म्हणजे कड सपाट होते, नंतर १२० नंबरने गुळगुळीत करा. धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. खोबऱ्याचा वास राहिला तर मुंग्या हमखास लागतात. चकाकीसाठी खोबरेल लावू नका, ते खवट होतं. दोन्ही वाट्यांवर आतून एकच नंबर रंगवा. डोळे असलेल्या वाटीला भोक पडलेलं असेल तरी चालेल. आवाज थोडा कमी येतो, पण मुलाचं बोट त्यात अडकत नाही ना, तेवढं पाहा.

खुळखुळ्यासाठी २०० मिलीची प्लास्टिकची बाटली आणि त्यात दोन मोठे चमचे नाचणी. बाटली पाव भागाहून जास्त भरली तर दाणे हलत नाहीत आणि आवाज मरतो. खणखणीत आवाज हवा असेल तर नाचणीऐवजी दहा-बारा चिंचोके टाका. झाकण एपॉक्सीने पक्कं करून वर चिकटपट्टी गुंडाळा, आणि दर सोमवारी प्रत्येक झाकण ओढून पाहा. गुंजा दिसायला सुंदर असतात, कुंपणावर सहज मिळतात आणि नेमक्या म्हणूनच धोक्याच्या आहेत : त्यांत अॅब्रिन नावाचं जहाल विष असतं आणि चावलेली गुंज जिवावर बेतू शकते. कण्हेरीच्या आणि एरंडाच्या बियाही नकोत. तीन वर्षांखालचं भावंड तासाला येत असेल तर सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान कोणतीही सुटी वस्तू खोलीत असता कामा नये.

चिव्याच्या, म्हणजे बांबूच्या, काठ्या १५ सेंटीमीटर लांब आणि दोन सेंटीमीटर जाड घ्या. लांब काठी शेजारच्याच्या डोळ्यात जाते. कापल्यावर सावलीत पंधरा दिवस वाळवा, टोकं घासून गोल करा. काठी मुठीत आवळली तर टण आवाज येत नाही, कारण मूठच तिचं कंपन थांबवते. मुलाला ‘चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी धर’ म्हणा.

पावसाळ्याचं गणित वेगळं. नाचणी सादळते, चिव्यावर बुरशी धरते, चामड्याचं कोणतंही वाद्य दमट हवेत ढिलं पडतं. मृग नक्षत्र लागलं की नाचणीच्या बाटल्या बाजूला ठेवा, दुसऱ्या बाटल्यांत बारीक खडे भरून झाकणं तशीच पक्की करा आणि काठ्या चुलीवरच्या फळीवर ठेवा. ताईंसाठी घुमट (मातीच्या घटाच्या तोंडावर चामडं ताणलेलं वाद्य) मिळालं तर छान. त्याचा खोल आवाज मुलांना घट्ट धरून ठेवतो, आणि २०१९ मध्ये गोव्याने त्याला वारसा वाद्याचा मानही दिला. पण बकऱ्याच्या चामड्याचंच घ्या. जुन्या घुमटांवर घोरपडीचं कातडं असे आणि घोरपड मारणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

वीस करवंट्या एकदम वाजल्या की पत्र्याच्या खोलीत कान किटतात. एका वेळी दहाच मुलांना वाद्यं द्या, बाकीच्यांनी मांडीवर थाप द्यावी, आणि दोन मिनिटांनी अदलाबदल. ऊन नसेल तेव्हा सगळ्यांना खळ्यात, म्हणजे अंगणात, न्या. अंगणवाडी हे नाव अंगणावरूनच आलंय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये याच किनाऱ्यावर, बोर्डीला, ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली.

पंचवीस मिनिटं

गोल बसा. चटया ओळीत टाकल्या तर मागच्या मुलांना समोर फक्त पाठी दिसतात. प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसले पाहिजेत, ताईंचे तर नक्कीच. ताईंनी खुर्चीवर बसू नये.

पहिली चार मिनिटं नावांची. ठरलेल्या लयीत चार टाळ्या, त्यांवर ‘कोण आलं, कोण आलं’ एवढंच आणि पुढच्या चार टाळ्यांत मुलाचं नाव सगळ्यांनी दोनदा म्हणायचं. एका मुलाला चार-पाच सेकंद लागतात, वीस मुलं दीड-दोन मिनिटांत होतात आणि दोन फेऱ्या चार मिनिटांत. स्वतःचं नाव वीस जणांच्या तोंडून एका तालात ऐकणं लाजऱ्या मुलासाठी मोठी गोष्ट असते. त्याने स्वतः टाळी दिली नाही तरी चालेल.

पुढची पाच मिनिटं ‘भरती-ओहोटी’. ताई हात वर नेतील तसा आवाज वाढवायचा, खाली आणतील तसा कमी करायचा, आणि मूठ मिटली की एकदम थांबायचं. थांबणं हा यातला कठीण आणि कामाचा भाग आहे. सुरुवातीला मुलं थांबल्यावरही दोन-तीन ठोके वाजवतातच. रागवू नका, मूठ मिटण्याआधी डोळे मोठे करा, म्हणजे त्यांना चाहूल लागते. दोन आठवड्यांनी ही चाहूलही बंद करा. एखाद्या मोठ्या मुलाला पुढारी करून बघा, गोंधळ होतो पण सगळे त्याच्याकडे टक लावून बघतात, आणि तेच हवं असतं.

नंतरची आठ मिनिटं जोड्यांची. तासाचा गाभा हाच, त्यामुळे इथे वेळ वाचवू नका. दोन-दोन मुलं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. एक टाळी आपली, एक समोरच्याच्या तळव्यांवर. झिम्म्याचं हे सगळ्यात सोपं रूप. त्यात जमलं की करवंट्या : आपल्या वाट्या एकदा आपटायच्या, मग उजवी वाटी समोरच्याच्या उजवीला लावायची. तिसऱ्या आठवड्यापासून बसफुगडी, एक वर तर दुसरा खाली. दोघांनी एकाच क्षणी तीच हालचाल केली पाहिजे असं नाही, दोघांच्या हालचालींत ठरलेला मेळ असला की पुरतं.

याला आधार आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लॉरा सिरेली, कॅथलीन आइनरसन आणि लॉरेल ट्रेनर यांनी चौदा महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाला एका बाईने पोटाशी बांधून संगीतावर वरखाली झुलवायचं, समोर दुसरी बाई झुलणार. काही बाळांसमोर ती त्यांच्या तालात झुलली, काहींसमोर वेगळ्याच वेगाने. हे सगळं दोन-अडीच मिनिटं. मग त्या बाईच्या हातून कपड्यांचे चिमटे वगैरे वस्तू पडत. तालात झुललेली बाळं त्या उचलून द्यायला जास्त पुढे येत. ती खाली असताना बाळ वर, अशा उलट पण ठरलेल्या तालातही हे घडलं. याच गटाच्या पुढच्या प्रयोगांत अनोळखी तिसऱ्या माणसाला मात्र जास्त मदत मिळाली नाही. त्या बाईची मैत्रीण म्हणून जिची ओळख दिसली होती, तिला मिळाली.

यातून कामाची गोष्ट एवढीच निघते : जोड्या बदला. ताल धरल्याने मूल जगाशी चांगलं वागायला लागत नाही, ज्याच्यासोबत धरला त्याच्याकडे त्याचा ओढा वाढतो. रोज मैत्रिणीच मैत्रिणींसमोर बसल्या तर आधीच जुळलेलं अजून जुळतं. वहीत मुलांची नावं लिहून जोड्या ताईंनीच ठरवाव्यात : खालच्या वाडीचं मूल वरच्या वाडीच्या मुलासमोर, बागेत काम करणाऱ्या नेपाळी कुटुंबातलं मूल गावातल्या मुलासमोर, ज्यांची काल मारामारी झाली ते दोघे (पण आज नाही, दोन दिवसांनी). एक जोडी तीन दिवस ठेवा, मग बदला.

रापण

उरलेल्या वेळातली सहा मिनिटं सगळ्यांनी मिळून एक काम करायचं, आणि ते तालात. किर्शनर आणि टोमासेलो यांनी २०१० मध्ये चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या घेऊन तळ्यातल्या बेडकांना उठवण्याचा खेळ रचला. काही जोड्या तो गात, नाचत, वाजवत खेळल्या, काही तोच खेळ गाण्याशिवाय. नंतर एका मुलाच्या हातातल्या नळीचं बूड निघून गोट्या सांडतात असा डाव होता. गात खेळलेली मुलं जोडीदाराच्या मदतीला जास्त धावली. म्हणजे खेळ, गप्पा, हालचाल दोन्हीकडे होतीच, वरून घातलेलं संगीत तेवढं वेगळं.

आपल्याकडे बेडूक शोधायची गरज नाही, रापण आहे : किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. दोन जुन्या सुती साड्या पिळून एकमेकींना गाठ मारा, दहा-अकरा मीटरचा मऊ दोर होतो. काथ्याची दोरी नको, तळवे सोलतात. दोन्ही टोकं मुलांच्या दोन रांगांच्या हातात, मध्ये वाळूऐवजी चटईवर एक टोपली, तिच्यात कागदी मासळी. ताई म्हणतील ‘ओढा रे ओढा’, मुलं ‘हैय्या’ला एकदम ओढतील आणि एक पाऊल मागे जातील. चार ठोके : दोन ताईंचे, एक ‘हैय्या’चा, एक दम घेण्याचा. दम घेण्याचा ठोका गाळू नका, तो गाळला की रस्सीखेच सुरू होते आणि मुलं तोंडावर पडतात. रापण दोन्ही बाजूंनी सारखी ओढली नाही तर टोपली तिरकी होऊन मासळी सांडते. मुलांना ते डोळ्यांनी दिसतं, सांगावं लागत नाही. मासळी आली की वाटे करायचे, प्रत्येकाला एक. मुद्दाम दोन मासे कमी ठेवा आणि काय होतं ते गप्प बसून पाहा.

शेवटची दोन मिनिटं आडवं पडून ताईंनी हळू आवाजात, मिनिटाला ६० ते ७० च्या लयीत गायचं. वाद्य नाही, टाळी नाही. याच्या आधी खाऊची पातेली वाजता कामा नयेत, नाहीतर कोणी आडवं पडणार नाही.

झोपाळा

ज्या घरात किंवा शाळेत दोन झोके शेजारी आहेत तिथे गाण्याशिवायही हे साधतं. वॉशिंग्टन विद्यापीठात ताल-चेन राबिनोविच आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी २०१७ मध्ये चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांना एकत्र तालात, बेतालात झुलवलं, किंवा अजिबात झुलवलं नाही. तालात झुललेल्या जोड्यांनी नंतरची दोघांनी मिळून करायची कामं लवकर जमवली.

इथे दोरीची लांबी सगळं ठरवते. झोक्याला लागणारा वेळ मुलाच्या वजनावर अवलंबून नसतो, आढ्याच्या कडीपासून मुलाच्या पोटापर्यंतच्या अंतरावर असतो. दोन मीटर अंतर असेल तर एक पूर्ण झोका सुमारे २.८ सेकंदांचा, दीड मीटर असेल तर सुमारे २.५ सेकंदांचा. दोन झोक्यांत वीस सेंटीमीटरचा फरक असला (२ मीटर आणि १.८ मीटर) की एकत्र सोडलेली मुलं नऊ-दहा झोक्यांत बरोबर उलटी होतात, एक पुढे तर एक मागे. मग मोठी माणसं ढकलून जुळवायला बघतात आणि जमत नाही. ढकलणं सोडा, दोरी मोजा. पडवीतल्या रुंद फळीच्या झोपाळ्यावर ही भानगडच नाही, दोघं एकाच फळीवर बसली की ताल आपोआप एक.

तान्ही बाळं

बाळाला तालाचं भान शिकवावं लागत नाही. इश्तवान विंकलर आणि हेंक्यान होनिंग यांच्या गटाने २००९ मध्ये नवजात बाळांच्या मेंदूच्या विद्युत लहरी तपासल्या. सलग ठेक्यातला समेचा, म्हणजे आवर्तनाचा पहिला, ठोका गाळला की झोपलेल्या बाळाच्या मेंदूतही दखल उमटत होती. सात महिन्यांच्या बाळाला कोणत्याच ठोक्यावर जोर नसलेला ठेका ऐकवत दर दुसऱ्या किंवा दर तिसऱ्या ठोक्याला झुलवलं, तर पुढे ते ज्या वजनावर झुललं तेच जास्त वेळ ऐकतं (फिलिप्स-सिल्वर आणि ट्रेनर, २००५). म्हणून मांडीवर घेऊन गाताना नुसतं हलवू नका, गाण्याच्या वजनावर हलवा.

आजीच्या भजनातला सात मात्रांचा रूपकही बाळाला चालतो. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांना २००५ मध्ये दिसलं की उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन प्रदेशातल्या विषम मात्रांच्या ठेक्यातला बदल कळतो, वर्षाच्या बाळांना तो कळेनासा झालेला असतो. दोन आठवडे घरी तसं संगीत ऐकवल्यावर त्यांना पुन्हा कळू लागला, मोठ्यांना मात्र नाही. ‘बाळासाठी सोपं’ म्हणून घरातलं गाणं चार मात्रांवर आणायचं कारण नाही.

आणि गायचं घरच्या माणसाने. सॅम्युअल मेर आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात आईबाबांनी घरी गायलेली चाल एखाद्या अनोळखी माणसाने गायली की पाच महिन्यांची बाळं त्याच्याकडे जास्त वेळ बघत. तीच चाल खेळण्यातून ऐकली असेल तर असं होत नव्हतं. रडं थांबवण्यापेक्षा रडं यायच्या आधी गाणं जास्त उपयोगी : माँट्रियलच्या एका प्रयोगात सहा ते नऊ महिन्यांची बाळं अनोळखी भाषेतलं गाणं ऐकत सुमारे नऊ मिनिटं शांत राहिली, लाडिक बोलणं ऐकत चार मिनिटांच्या आसपास.

काय बिघडतं

लय पळते. वीस मुलं एकत्र वाजवताना प्रत्येक जण शेजारच्या जलद मुलाला धरतो. ओरडून ‘सावकाश’ म्हटलं की आणखी पळते, कारण ताईंचा आवाजही चढतो. वाद्यं खाली ठेवायला लावा, उभं करून चार पावलं चालवा, मग पुन्हा बसवा.

आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना गाणं ऐकूच येत नाही. त्या दिवशी कानाचा खेळ बंद, डोळ्यांचा आणि स्पर्शाचा सुरू : गोलात हात धरून डुलणं, किंवा एकामागे एक बसून पुढच्याच्या पाठीवर हलके ठोके. पाठीवरचा ठोका पावसातही पोचतो.

एखादं मूल महिनाभर नुसतं बघतं. बघू दे. घरी जाऊन आईला पूर्ण गाणं म्हणून दाखवणारी मुलं बहुधा हीच असतात. पण पाठीमागून नाव घेतल्यावर वळत नसेल, डब्याच्या आवाजाला दचकत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येण्याच्या दिवशी त्याचं नाव आधी लिहा आणि कान तपासायला सांगा. उलट, जे मूल कानांवर हात ठेवतं त्याला दाराजवळ बसवा, करवंटीऐवजी कापडाचा चेंडू द्या. हात ओढून काढू नका.

शिमग्याचा ढोल-ताशा हा या तासाचा मोठा भाऊ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मुलांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल कमी होतात. पालखी बघायला मूल न्या, पण ढोलाजवळ नको, देवळाच्या कठड्यापाशी उभे राहा. कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही, कानांवर बसणारे मफ्स घ्या.

कितपत अपेक्षा ठेवावी

संगीताने बुद्धी वाढते असं पालकांना सांगू नका. ज्या १९९३ च्या प्रयोगावरून मोझार्टचा गवगवा झाला, त्यात बाळं नव्हती. कॉलेजचे विद्यार्थी होते आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला. चार वर्षांच्या मुलांना संगीतवर्गात घालून बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडतो का, हे मेर यांच्या गटाने २०१३ मध्ये दोनदा पाहिलं आणि भरवशाचा फायदा सापडला नाही. मेळाच्या बाबतीतही सगळं एकाच दिशेला नाही. किर्शनर यांनीच बेआत्रिस इलारी यांच्यासोबत २०१४ मध्ये ब्राझील आणि जर्मनीतल्या मुलांना एकत्र ढोल वाजवायला लावला. ताल धरण्यात दोन्हीकडच्या मुलांत फरक दिसला, पण मदत करण्याच्या वृत्तीवर परिणाम दिसला नाही. आमचं मत असं की नुसतं एकत्र वाजवणं पुरत नाही, मध्ये रापणीसारखं सामायिक काम लागतं. पण हे मत आहे, सिद्ध झालेलं नाही.

म्हणून आपल्या अंगणवाडीत आपणच पाहावं. दोन आठवडे सोमवार-बुधवार-शुक्रवार तालाचा तास, मंगळवार-गुरुवार त्याच वेळी तितकाच वेळ मातीकाम, पुढचे दोन आठवडे उलट. तास संपल्यावर दहा मिनिटांच्या आत एका मुलासमोर त्याच्या जोडीदाराच्या हातून पाच कपड्यांचे चिमटे ‘चुकून’ पडू द्या. जोडीदाराला आधी समजावून ठेवा : पहिले दहा सेकंद चिमट्यांकडे बघायचं, पुढचे दहा आळीपाळीने चिमट्यांकडे आणि मित्राकडे, शेवटचे दहा ‘माझे चिमटे’ म्हणायचं. चार वर्षांच्या जोडीदाराला हे जमणार नाही, सहा वर्षांच्याला जमतं. नाहीच जमलं तर ताई स्वतः जोडीदार व्हाव्यात. मुलाने किती चिमटे दिले आणि कितव्या दहा सेकंदांत, एवढंच लिहायचं. लिहिणारी व्यक्ती मदतनीसताई असाव्यात आणि आज तालाचा तास झाला की मातीकाम, हे त्यांना माहीत नसावं. त्या वेळात त्यांना आहार शिजवायला पाठवा. एका मुलावर हा डाव आठवड्यातून एकदाच, कारण दुसऱ्यांदा त्याला गंमत कळते आणि ते स्वतःच चिमटे पाडायला लागतं.